हिमनदीची ‘माघार’ : गंगोत्रीचे उदाहरण

‘गंगोत्री हिमनदी दरवर्षी मागे सरकत आहे’ असे वाक्य तुम्ही वाचले असेल. त्यावरून बर्फ पुन्हा चढावर जात असावा, असे वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. मग या वाक्याचा अर्थ काय?

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील ही हिमनदी चौखंबा शिखरांच्या पायथ्याशी उगम पावते आणि दरीतून वायव्येकडे सुमारे ३० किलोमीटर उतरत येते. तिचे खालचे टोक म्हणजे गोमुख. ते सुमारे ४,००० मीटर उंचीवर असून तेथून भागीरथी बाहेर पडते.

वरच्या भागात हिम थरांवर थर साठते, दाबाने त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो स्वतःच्या भाराने सावकाश खाली वाहू लागतो. खालच्या उबदार भागात तो वितळतो. साठणे ही जमा आणि वितळणे हा खर्च. दोन्ही सारखे असतील, तर बर्फ वाहत असूनही टोक जागेवर राहते. खर्च वाढला की टोक वर सरकते. शेतातला पाट आठवा. पाणी कमी सुटले आणि ऊन वाढले, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचणारे पाणी मधल्याच वाफ्यात संपते. तरीही पाणी उलटे वाहिले असे आपण म्हणत नाही.

गोमुखाच्या स्थानाची मोजणी १९३५ पासून झालेली आहे. तेव्हापासून हे टोक दीड किलोमीटरहून अधिक वर गेले आहे. पूर्वी मुख्य प्रवाहाला मिळणाऱ्या रक्तवर्ण व चतुरंगी या उपहिमनद्या आता त्यापासून तुटल्या आहेत. मात्र केवळ लांबी पाहून भागत नाही. खालच्या भागावर दगडगोट्यांचे आवरण आहे. त्याचा पातळ थर ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो, तर जाड थर बर्फाचे रक्षण करतो. त्यामुळे टोक फारसे न हलताही बर्फाची जाडी घटू शकते.

याचा परिणाम नदीवर होतो. वितळण्याचा वेग वाढला की प्रारंभी प्रवाहात पाणी वाढते. परंतु ती वाढ मुद्दल मोडून आलेली असते. साठा आटत गेला की उन्हाळ्यातले पाणीही घटते. वरच्या खोऱ्यातील गावांना याची झळ आधी बसते, कारण मैदानात गंगेला पावसाचा आणि उपनद्यांचा मोठा आधार असतो.

म्हणून ‘माघार’ हा शब्द वापरताना सावध राहा. त्या शब्दात हिमनदी कर्ता ठरते. वस्तुतः ती पूर्वीसारखीच खाली येत असते, फक्त पोहोचण्याआधी संपते.

स्वयं-अध्ययन : ‘हिमनदी मागे सरकते’ हे वाक्य खरी प्रक्रिया स्पष्ट होईल अशा रीतीने पुन्हा लिहा.