साहेबाला ‘नाही’ कोण सांगणार?

बांधकामावरच्या साहेबांविषयी कवीनं काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण माझे अब्बा जळगावात गवंडी होते. बी.ए. होईपर्यंत सुट्ट्यांत मी त्यांच्या हाताखाली विटा वाहिल्या. त्यामुळे साहेब मी खालून पाहिलेत.

विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले आणि लवकरच धुळ्याला आले. साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेच्या पाटावर नळाचं सायफन बांधायचं होतं. सायफन म्हणजे पाणी नळातून खाली उतरवून पलीकडे पुन्हा वर काढायचं. पलीकडचं तोंड जरा खाली ठेवलं की झालं. पण पावसाळा लागला, पायाच्या खोदाईत वाळू भरू लागली. काम पावसाळ्यानंतर करू द्या, असं त्यांनी वरिष्ठांना लिहिलं. वरिष्ठांनी ती बेशिस्त ठरवली. मग या तरुण इंजिनिअरनं पुराशी झुंजत काम पुरं केलं, आणि त्याच वरिष्ठांनी शाबासकी दिली. १९५१ च्या आत्मकथनात त्यांनी हे नोंदवलं आहे.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला मात्र ते वरिष्ठ आठवतात. त्यांना सायफन मिळालं. पण पुढच्या कनिष्ठानं अडचण कळवायला कितीदा विचार केला असेल?

१९८८ ची गोष्ट. एका मोठ्या खोलीचा स्लॅब पडला होता. साडेचार मीटरपेक्षा जास्त गाळा असला, तर साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस ठेवावेत, असं मानक सांगतं. त्याहून लहान गाळ्याला सात. साहेबांना आठव्या दिवशी बल्ल्या दुसऱ्या साइटवर हव्या होत्या.

“साहेब, अजून कच्चा आहे,” अब्बा म्हणाले.

“मिस्तरी, इंजिनिअर तुम्ही की मी?”

अब्बा गप्प झाले. टेकू निघाले. महिन्याभरात स्लॅब मधोमध झोळ खाऊन तडकला. खाली कुणी नव्हतं, ही अल्लाची मेहेरबानी. ठपका आला तो गवंडीकामावर! पंधरा दिवसांची मजुरी बुडाली.

पुढं एक दुसरे साहेब भेटले. साइटवर आले की आधी ओळंबा सोडून भिंत बघत, मग विचारत, “मिस्तरी, काय अडलंय?” त्यांनाही एकदा प्लेटा लवकर हव्या होत्या. अब्बा बराच वेळ बोललेच नाहीत. साहेब विटांवर बसून राहिले. शेवटी अब्बा म्हणाले, “अजून चार दिवस.” साहेबांनी दुसऱ्या साइटसाठी प्लेटा भाड्यानं आणल्या आणि मालकाची बोलणी स्वतः खाल्ली.

त्या रात्री अब्बा जेवताना पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, की साहेब विटांवर बसले होते.