आज वार कोणता?

जानेवारीतली सकाळ. अॅरिझोना राज्यातल्या क्वार्ट्झसाइट गावाबाहेरच्या वाळवंटात नजर जाईल तिथवर मोटारहोम उभी आहेत. त्यातल्याच एकाच्या दारात खुर्ची टाकून कॉफी घेत बसलेली साठीची गृहिणी नवऱ्याला विचारते, आज पोस्ट उघडं असेल का? नवरा विचारात पडतो. काल रविवार होता की परवा? शेजारच्या गाडीत चौकशी होते, तर तिथेही एकमत नाही. शेवटी कुणीतरी मोबाइल काढून बघतं. आज मंगळवार!

अमेरिकेत अशा फिरत्या घराला 'आरव्ही' म्हणतात. पंचवीस ते चाळीस फूट लांबीच्या या गाडीत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम असं सगळं असतं. सुट्टीत आठवडाभर ती भाड्याने घेणारे पुष्कळ, त्यात तिथली मराठी कुटुंबंही आली. पण राहतं घर विकून किंवा सोडून बारा महिने त्यातच राहणारे वेगळे. त्यांना 'फुलटायमर' म्हणतात. त्यांच्या गप्पांमध्ये एक तक्रार हमखास निघते, आणि ती बरीचशी कौतुकानेच केलेली असते. ती म्हणजे, वार-तारखेचा पत्ताच लागत नाही.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. आपल्याला वार कळतो तो कॅलेंडरमुळे नव्हे, तर शाळेचा डबा, दूधवाल्याचं बिल, ऑफिसची सुट्टी आणि सोमवारचा उपास यांच्यामुळे. या खुंट्या काढून घेतल्या तर वार टांगायचे कुठे? मुलाकडे सहा महिने न्यू जर्सीला गेलेल्या आई-वडिलांनाही हाच अनुभव येतो. मुलगा घरी दिसला की शनिवार, एवढंच त्यांचं पंचांग उरतं.

फुलटायमर तर आणखी एक खुंटी स्वतःच्या हाताने काढतात, ती ऋतूची. उन्हाळ्यात उत्तरेला, हिवाळ्यात दक्षिणेला, अशी त्यांची भटकंती चालते. ज्यांना ना धड थंडी भेटते ना धड उन्हाळा, त्यांची वर्षंही एकमेकांत मिसळून जातात.

त्यात घड्याळही दगा देतं. अमेरिकेच्या मुख्य भूभागावर चार वेळा चालतात. शिवाय मार्च ते नोव्हेंबर बहुतेक राज्यांत घड्याळ एक तास पुढे असतं, अॅरिझोनात मात्र नसतं. त्याच राज्यातल्या नवाहो आदिवासींच्या प्रदेशात ते पुढे करतात आणि त्या प्रदेशाने वेढलेल्या होपी लोकांच्या भागात पुन्हा करत नाहीत! म्हणजे उन्हाळ्यात एका दुपारच्या प्रवासात घड्याळ दोन-तीनदा मागेपुढे होतं. हूवर धरणावर नेवाडाची आणि अॅरिझोनाची अशी दोन घड्याळं आहेत. हिवाळ्यात त्यांच्यात एका तासाचं अंतर असतं, उन्हाळ्यात दोन्ही सारखीच वेळ दाखवतात.

गुहेतले 25 दिवस

माणसाच्या मनातलं कॅलेंडर किती कच्चं असतं, हे 1962 साली मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने स्वतःवरच आजमावून पाहिलं. आल्प्स पर्वतातल्या एका खोल, बर्फाळ गुहेत तो घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं गेलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्टच चालू होता. तब्बल 25 दिवस त्याच्या लेखी घडलेच नव्हते. गंमत म्हणजे त्याचं शरीर मात्र साधारण चोवीस तासांच्याच चक्रात झोपत-उठत होतं. चुकली ती मनाची मोजणी.

गाडीत फिरणाऱ्यांचं अगदी तसंच होतं असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 सालीच लिहून ठेवलं होतं की, नव्या अनुभवांनी भरलेला काळ जाताना भुर्रकन जातो, पण मागे वळून पाहिलं तर लांबलचक वाटतो. म्हणून महिन्यापूर्वी पाहिलेली दरी फुलटायमरना वर्षापूर्वीची वाटते. वर्ष लांबतं आणि आठवडा हरवतो.

पण या विसराळूपणाची किंमत मोजावी लागते. रक्तदाबाची गोळी आज घेतली की काल, हा प्रश्न साठीपुढच्या माणसाला परवडणारा नाही. म्हणून सात वारांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी अनेकांच्या ओट्यावर कायम असते. वार सांगणारी घरातली तीच एक खात्रीची वस्तू. गाडीचा विमा, नोंदणीचं नूतनीकरण, दातांच्या डॉक्टरची वेळ या गोष्टी तारखेवरच चालतात. टपालासाठी हे लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडातल्या एखाद्या टपाल-सेवेचा पत्ता घेतात. तिथून पत्रं पुढच्या मुक्कामाच्या पोस्टात येतात आणि तिथे ती काही दिवसच ठेवली जातात. वार चुकला की पाकीट परत! नातवाचा वाढदिवस विसरला, तर त्याला मात्र कोणतीही डबी उपयोगी पडत नाही.

शिवाय फुकट मुक्कामालाही मोजदाद असते. सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारणपणे चौदा दिवस राहता येतं, मग हलावं लागतं. क्वार्ट्झसाइटजवळच्या लांब मुक्कामाच्या जागांचा हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा असतो. आणि नामांकित राष्ट्रीय उद्यानांत तंबू-गाडीची जागा हवी असेल, तर अनेक ठिकाणी सहा महिने आधी नोंदणी उघडते त्याच सकाळी ती पकडावी लागते. ज्याला आजचा वार ठाऊक नाही, त्याला पुढच्या जुलैची तारीख पाठ हवी! शुक्रवार मात्र न विचारता कळतो. संध्याकाळी मुलाबाळांच्या गाड्यांची रांग लागली आणि शेजारी आरडाओरडा सुरू झाला की समजावं, नोकरदार लोक आले.

सगळेच हौसेने भटकत नाहीत

हे वार विसरण्याचं सुख प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. 2008 च्या मंदीत घर-नोकरी गमावलेली अनेक वयस्क माणसं नाइलाजाने गाडीत राहायला आली. जेसिका ब्रुडर यांनी 2017 साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक त्यांच्यावरच लिहिलं आणि त्यावरच्या चित्रपटाला 2021 मध्ये तीन ऑस्करही मिळाले. ही माणसं उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडची देखभाल करतात, ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर बारा-बारा तासांच्या पाळीत साखरेच्या बिटाची आवक सांभाळतात. त्यांना वार बरोबर ठाऊक असतो, कारण पगार वारावर असतो.

आणि घरातल्या बाईचं काय? ओटा दोन हातांचा, पाण्याची टाकी मोजकी, नवरा चोवीस तास समोर. वार कुठलाही असो, भांडी रोजच पडतात. त्यामुळे अनेक जोडपी मुद्दाम वार ठरवून घेतात. सोमवारी कपड्यांसाठी लाँड्री, गुरुवारी बाजार, रविवारी सकाळी मुलांना फोन. एका दिवशी दोघांनी वेगवेगळं फिरायचं, असाही नियम काहीजण पाळतात. नोकरीने लादलेला आठवडा टाकून दिल्यावर ते स्वतःचा आठवडा नव्याने शिवतात.

खरी तारीख विसरता येत नाही ती वेगळीच, चाक थांबवण्याची. रात्री दिवे डोळ्यांवर येऊ लागतात, एवढी मोठी गाडी मागे घेताना हात कापतो, दोघांपैकी एकाचंच स्टिअरिंग उरतं. आजचं उद्यावर ढकलणं या जगण्यात सोपं असतं आणि घर तर कधीच विकलेलं असतं. 1978 साली स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या आरव्हीधारकांच्या क्लबला ही अडचण लवकर उमगली. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन इथे आता अशा थकलेल्या प्रवाशांसाठी एक केंद्र चालतं. तिथे ते आपल्याच गाडीत राहतात, जेवण तयार मिळतं, औषधपाण्याची विचारपूस होते, डॉक्टरकडे न्यायला माणूस असतो. गाडी तीच, पलंग तोच, शेगडीही तीच. फक्त चाकं आता फिरत नाहीत.