वायफाय अडतं कुठे?

राउटर टीव्हीमागच्या कपाटात दडवला की आतल्या खोलीत रेंज मिळत नाही, आणि शिव्या कंपनीला बसतात. तो घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर हवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त, पण काँक्रीटपुढे या लहरी लवकर दमतात. म्हणून लांबच्या खोलीत २.४ चं नेटवर्क वापरा, राउटरजवळ ५ चं. मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो. भाजी गरम करताना व्हिडिओ अडखळला तर नवल नाही. टीव्ही काही जागचा हलत नाही, त्याला सरळ केबल जोडावी. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर नको. पाहुण्यांना ‘गेस्ट नेटवर्क’ द्या. आणि राउटरच्या सेटिंगचा मूळ ॲडमिन पासवर्ड आजच बदला. पुष्कळ घरांत तो बसवल्या दिवसापासून तसाच असतो.