जुन्या घाटाचे नवे बूट

मनुष्य बूट घेतो तो पायासाठी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु अलीकडे शहरांतल्या दुकानांत असे काही बूट मांडलेले दिसतात, की जे पायापेक्षा आठवणीसाठीच अधिक घेतले जातात. वर जाडे कापड, खाली रबराचा सपाट तळ आणि पांढऱ्या नाड्या, असा हा दोन-तीन पिढ्यांपूर्वीचा घाट. शाळकरी वयात जो पायांत होता, किंवा ज्याची नुसती इच्छाच करावी लागली, तोच जोड पन्नाशीतला गृहस्थ काही हजार रुपये मोजून घरी नेतो. ही हौस कोठून येते आणि तिच्या आहारी किती जावे, हे पाहण्याजोगे आहे.

ह्या ओढीला पाश्चात्त्यांनी 'नॉस्टॅल्जिया' असे नाव दिले. १६८८ मध्ये योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे लिहिलेल्या प्रबंधात 'घरी परतणे' आणि 'वेदना' ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो शब्द घडवला. परमुलखात राहणाऱ्या स्विस माणसांना घराच्या ओढीने जडणारा आजार, असा त्याचा मूळ अर्थ. आणि रोग्याला घरी पाठवणे हाच त्यावरचा खरा उपाय समजला जाई. पुढे अर्थ पालटला. ओढ गावाची न राहता सरलेल्या काळाची झाली आणि उपाय हातचा गेला. मुंबईला नोकरीस गेलेला पेडण्याचा मनुष्य गाडीत बसून गावी परतू शकतो. आपल्या पाचवीच्या वर्गात तो परतू शकत नाही. म्हणून तो त्या वर्षांतील एखादी वस्तू हाती धरू पाहतो.

बूट ही तशीच एक वस्तू आहे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर ह्यांना गंधक मिसळून रबर तापवण्याची युक्ती सापडली आणि उन्हात न वितळणारा, थंडीत न तडकणारा तळ शक्य झाला. अमेरिकेत कॉन्व्हर्स कंपनीचा 'ऑल स्टार' १९१७ मध्ये निघाला. भारतात बाटा कंपनी १९३१ मध्ये स्थापन झाली, कलकत्त्याजवळ बाटानगर वसले, आणि शाळांतील कवायतीसाठी 'टेनिस' नावाचा पांढरा कॅनव्हासचा बूट तिने १९३६ मध्ये काढल्याचे कंपनी सांगते.

पेडणे आणि डिचोली ह्या तालुक्यांत ह्या बुटाला आणखी एक अर्थ आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरांतील आजोबा अनवाणी शेतात राबले, त्या घरांतील नातू पाटी घेऊन शाळेत जाऊ लागले. पुढे माध्यमिक शाळेत गणवेश आला, कवायत आली, आणि तिच्यामागून पांढरे बूटही आले. पांढरा रंग ठरवणाऱ्याने पेडण्याची तांबडी वाट किंवा डिचोलीकडील खनिजाच्या मार्गावरची लाल धूळ पाहिली नसावी! बूट धुवावा, ओला खडू फासावा, पावसाळ्यात चुलीशेजारी वाळवावा, असा तो खटाटोप. जोड एक माप मोठाच घ्यायचा, पुढे चिंधी कोंबायची, आणि थोरल्याला आखूड झाला की धाकट्याने घालायचा. तेव्हा कित्येकांच्या मनात जी आठवण आहे, ती बुटाची की बुटाच्या अभावाची, हे सांगणे कठीणच.

व्यापाऱ्याला मात्र हा भेद करण्याचे कारण नाही. त्याचा हिशेब सरळ असतो: कालचे मूल आज कमावते झाले आहे. आदिदास कंपनीने आपला 'स्टॅन स्मिथ' हा गाजलेला बूट काही काळ बाजारातून मुद्दाम काढून घेतला आणि २०१४ मध्ये गाजावाजा करून परत आणला. वस्तू दिसेनाशी झाली की तिची किंमत कळते, हे मानवी मनाचे वर्म त्या व्यवहारात नेमके हेरलेले होते.

जुन्या साच्यावर नव्याने बनवलेला बूट वापरता तरी येतो. काही हौशी लोक मात्र वीस-पंचवीस वर्षे पेटीत राहिलेला मूळचाच जोड शोधतात. येथे सावध राहिले पाहिजे. गेल्या शतकाच्या अखेरीच्या अनेक खेळाच्या बुटांत तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असे. हवेतील ओलाव्याने त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात. बूट न वापरता ठेवला तरी ही झीज थांबत नाही, आणि कोकणपट्टीचा पावसाळा तर तिला पोषकच. वरून कोरा दिसणारा जोड पायांत घालून चार पावले टाकताच तळ भुग्यासारखा गळून पडतो. असा जोड कपाटात ठेवण्यापुरताच घ्यावा. नव्या जोडालाही पारखून घ्यावे. सपाट, पातळ तळ बाराव्या वर्षी पुरे होता. पन्नाशीतील गुडघ्यांना तो पुरेलच असे नाही. संध्याकाळी पाय किंचित फुगलेले असतात, त्या वेळी दुकानात घालून, चालून पाहावा.

हौस वाईट नव्हे. लहानपणी जे मिळाले नाही ते स्वकष्टाच्या पैशाने घेण्यात लाजण्यासारखे काहीच नाही. पण आपण काय विकत घेत आहोत, हे ठाऊक असावे. बुटाचा घाट मिळतो. वर्गातले सोबती आणि खडू फासून देणारी आई मिळत नाही. त्या गावशाळांपैकी काही तर पटसंख्येअभावी बंदही झाल्या आहेत. ज्या चालू आहेत, तेथे आजही एकुलत्या एका जोडावर वर्ष काढणारी मुले आहेत. हौसेच्या एका महाग जोडाच्या किमतीत शाळेचे साधे कॅनव्हासचे चार-दोन जोड सहज येतात. ज्याला आपल्या पाचवीतील उणीव खरोखर आठवते, त्याने आपल्यासाठी एक जोड घेताना तेथल्या एखाद्या मुलाच्या पायाचे मापही विचारून घ्यावे.