एकटीची कॉफी

आमच्या गावात बाईमाणूस हॉटेलात शिरलं, की वेटर न विचारताच आतल्या बाजूला बोट दाखवतो. 'फॅमिली रूम'! मळकट पडदा, आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. तेही बरोबर हे असले, मुलं असली तरच. एकटी मी कधी हॉटेलात गेलेच नव्हते. पन्नाशी उलटली तरी! भूक लागली तर स्टँडवर दोन केळी घ्यायची, नाहीतर घरी पोचेपर्यंत कळ काढायची. तुमच्यापैकी कितीजणींचं असंच असेल, मला ठाऊक आहे.

डिसेंबरात लेकीकडे चिकमंगळूरला गेले. ती तिथं नोकरीला. सकाळी नऊला ती बाहेर पडली, की संध्याकाळपर्यंत मी आणि चार भिंती. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आई, बाजारात जाऊन कॉफी तरी पिऊन ये."

"एकटी?"

"मग काय झालं?"

बाजारात कॉफी भाजल्याचा वास नुसता घमघमत होता. एका छोट्या दुकानात पुढे बिया दळायचं यंत्र, मागे चार टेबलं. त्यावरून मी दोनदा पुढे गेले आणि दोनदा मागे आले. गल्ल्यावर माझ्याच वयाची बाई होती. तिनंच हाक मारली, "ओब्बरेना?" म्हणजे एकट्याच का? मिरजेकडची असल्यानं तेवढं कानडी कळतं. मान हलवली. वाटलं, आता आत पाठवणार. तर ती म्हणाली, "बन्नी, कूतकोळ्ळी." या, बसा. आणि रस्त्याकडेचं टेबल दाखवलं!

पितळी पेला, खाली पसरट वाटी. कॉफी वाटीत ओतायची, परत पेल्यात, म्हणजे निवते आणि फेसही येतो. मी घोट घेतला आणि विचारलं, "जायफळ नाही घालत?" बाई खळखळून हसली. आपली कॉफी म्हणजे दुधात साखर, जायफळ, वेलची आणि नावापुरती कॉफी! तिनं मला उठवून फिल्टर दाखवला. दोन मजली भांडं, वरच्याला बारीक भोकं. त्यात पूड हलकी दाबून बसवायची, उकळतं पाणी ओतायचं आणि वाट बघायची. अर्क थेंबथेंब खाली उतरतो. घाई करून उपयोग नाही. मग त्यात गरम दूध. पुडीत चिकोरी किती घालायची, हे गिऱ्हाईक सांगतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. त्यानं रंग गडद होतो, कडूपणा वाढतो. तिनं मला ऐंशी-वीसची पुडी बांधून दिली. मी तासभर बसले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग सवयच लागली. बसनं सकलेशपूर झालं (कॉफी बरी, गर्दी फार), बाळेहोन्नूर झालं. तिथं 1925 पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे. वाटेत सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, झाडांवर मिरीचे वेल आणि लाल फळं खुडणाऱ्या बायका. त्यांना मात्र बसून कॉफी प्यायला कधी सवड मिळत असेल, कोण जाणे. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या फकिरानं येमेनहून सात बिया लपवून आणल्या, असं तिथं सांगतात. डोंगराला त्यांचंच नाव आहे. आपल्याकडेही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी होते. ते अजून पाहायचं राहिलंय.

निघायच्या दिवशी दुकानातल्या बाईला भेटायला गेले. पैसे काही केल्या घेईना. "अक्का, मुंदिन वर्ष," म्हणाली. पुढच्या वर्षी.

परत आल्यावर चार दिवसांनी बाजारातून येताना आमच्या चौकातल्या हॉटेलात शिरले. पोरानं आत बोट दाखवलं. मी बाहेरच्या टेबलाशी पिशवी ठेवली.

"काकू, अजून कुणी येणारे का?"

"नाही रे. एक कॉफी आण."

कॉफी बाटलीतल्या पावडरीची होती, साखर ढीगभर. समोरून ओळखीचे दोघेजण गेले, एकानं वळून पाहिलं. मी सगळी कॉफी संपवली, सावकाश.