तणांचे ताट

वनस्पतिशास्त्रात 'तण' नावाचे कुळ नाही. नको तिथे उगवले ते तण, ही शेतकऱ्याची व्याख्या. टाकळा, कुरडू, घोळ, तांदुळजा या भाज्या याच नकोशा गोतावळ्यातल्या. खुरपणीला गेलेल्या बाया दिवस मावळताना ओट्यात कोवळा पाला घेऊन घरी येत. पीक मोकळे होई आणि रात्रीच्या भाजीचीही सोय होई. निवडून काढणे आणि वेचून खाणे हे एकच काम होते.

तणनाशकाने हे काम तोडले. '२,४-डी'सारखे औषध ज्वारी, गहू, ऊस या गवतवर्गीय पिकांना राखते आणि रुंद पानांची तणे मारते. वर सांगितलेल्या चारही भाज्या रुंद पानांच्या. खुरपणीची मजुरी वाचते. पण मजूर बाईच्या घरची फुकटची भाजी जाते, ती कुठल्याच हिशेबात येत नाही.

म्हणून या भाज्या आता मुद्दाम लावाव्या लागतात. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. घोळीचे बी बारीक, त्याला रुजायला उजेड लागतो. ते मातीवर नुसते भुरभुरावे, गाडू नये. खोडाचा तुकडा खोचला तरी मुळे धरतो. टाकळ्याच्या बियांचे कवच टणक. वाळूत घासून रात्रभर भिजवल्यास पाणी आत शिरते. कुरडूची काळी चकचकीत बी सुकल्या तुऱ्यातून झटकून मिळते. टाकळा आणि कुरडू फुलायच्या आत खुडावेत. बियाण्यापुरती दोन-तीन झाडे राखून बाकीची उपटावीत, नाहीतर पुढच्या वर्षी वाफा त्यांचाच. करटोलीचे नर आणि मादी वेल निराळे. कंद लावताना दोन्ही हवेत, नाहीतर फळ धरत नाही.

खातानाही जाण हवी. घोळीत ऑक्झलेट भरपूर असते, मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. फवारलेल्या रानातला पाला कोणीच खाऊ नये.

खरे तर पुष्कळदा पेरण्याचीही गरज नसते. घोळीसारख्या तणांचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. बांधालगतची हातभर पट्टी न फवारता सोडली, तर चांगल्या पावसानंतर ते आपणहून वर येते. मात्र तो पाला ओळखणारी नजर मातीत साठून राहत नाही. ती खुरपणीबरोबर आईकडून लेकीकडे जात होती. खुरपणी थांबली की एका पिढीतच ती संपते.