जागा विसरली की शैली उरते

जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावातून नेकार नदी वाहते. तिच्या काठाला खेटून उतरत्या छपरांच्या उंच घरांची रांग उभी आहे. या रांगेचा एक साधा फोटो ऑगस्ट २०१५ मध्ये एका शोधनिबंधात छापला गेला आणि त्याच्यासोबत त्याच घरांची आणखी पाच रूपं आली. एकात टर्नरच्या बुडत्या जहाजाभोवतीचं धूसर वादळ, दुसऱ्यात व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाइट'मधलं भोवऱ्यांचं आभाळ. मुंकच्या 'द स्क्रीम'मधले वाहते पट्टे, पिकासोचे मोडून जोडलेले तुकडे आणि कँडिन्स्कीच्या रंगांचा कल्लोळ उरलेल्या तीन रूपांत. घरं तीच, खिडक्याही जागच्या जागी. हात मात्र दर वेळी निराळा.

निबंध लिहिणारे तिघे ट्युबिंगेन विद्यापीठातले: लिऑन गाटिस, अलेक्झांडर एकर आणि मथियास बेथगे. चित्रकला हे त्यांचं काम नव्हतं. बघणं ही क्रिया मेंदूत आणि यंत्रात कशी घडते, याचा ते अभ्यास करत होते.

आज एखादं संदर्भचित्र जोडून 'या धाटणीत काढ' असं सांगितलं की एआय काही क्षणांत चित्र समोर ठेवतो. इतकं सहज, की त्यातलं नवल लक्षातच येत नाही. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी आणि प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. काय काढलंय आणि कसं काढलंय, हे दोन्ही त्याच आकड्यांत मिसळलेलं असतं. हा आकडा झाडाचा आणि हा कुंचल्याचा, अशी चिठ्ठी कशावरही नसते. मग झाड मागे ठेवून कुंचला तेवढा उचलायचा कसा?

या तिघांनी त्यासाठी नवं यंत्र बांधलं नाही. ऑक्सफर्डमध्ये २०१४ साली तयार झालेलं व्हीजीजी नावाचं न्यूरल नेटवर्क त्यांनी घेतलं. त्याचं शिक्षण झालं होतं फोटोतली वस्तू ओळखण्याचं. दहा लाखांहून जास्त फोटो पाहून, हा कुत्रा कुठल्या जातीचा, हे वाहन कुठलं, अशा एक हजार प्रकारांत ते वर्गवारी करायचं. व्हॅन गॉग कोण, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

असं नेटवर्क थराथरांनी बघतं. प्रत्येक थरात शोधक असतात, म्हणजे ठरावीक खूण दिसली की जागे होणारे छोटे घटक. पहिल्या थरातले शोधक कडा आणि रंगांचे बदल टिपतात. मधले थर त्यांच्या जोडणीतून रेघांच्या झुली, जाळ्या, पोत ओळखतात. खोलवरच्या थरांत डोळा, चाक, खिडकी असे भाग उमटू लागतात. तिथवर पोचेपर्यंत नेमका रंग आणि नेमकी रेघ यांचं महत्त्व कमी झालेलं असतं. कुठे काय आहे, एवढं शिल्लक राहतं. आशय इथे सापडला. नेकारच्या घरांची मांडणी खोल थरांतून घेतली की झालं.

शैलीसाठी त्यांनी जे केलं, ते त्याहून साधं आणि त्याहून चकित करणारं आहे. एका थरात समजा ५१२ शोधक आहेत. कुठला शोधक चित्रात नेमका कुठे जागा झाला, ही माहिती त्यांनी टाकून दिली. ठेवलं एवढंच, की कुठले शोधक एकमेकांबरोबर जागे होतात आणि किती जोराने. प्रत्येक शोधकाची प्रत्येकाशी जोडी लावली की ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ खान्यांचा तक्ता होतो. याला ग्राम मॅट्रिक्स म्हणतात. योर्गेन ग्राम या एकोणिसाव्या शतकातल्या डॅनिश गणितज्ञावरून हे नाव पडलं.

किराणा दुकानदाराच्या वहीसारखा हा तक्ता असतो. सुकट, कोकम आणि उकडा तांदूळ एकत्र जाणारं घर कोणतं आणि ज्वारी, शेंगदाणे, कारळं एकत्र जाणारं कोणतं, हे तो वहीवरून सांगेल. त्या घरात डबे कुठल्या फळीवर ठेवलेत, हे मात्र वहीत नसतं. 'स्टारी नाइट'च्या तक्त्यातही चंद्र कुठल्या कोपऱ्यात आहे, हे नाही. निळ्यासोबत वळती रेघ येते, पिवळ्याभोवती कडी येतात, जाड फटकारे एकमेकांना समांतर धावतात, एवढं आहे. आपण ज्याला व्हॅन गॉगचा हात म्हणतो, त्याचा फार मोठा भाग एवढ्यातच सापडला.

पुढचं काम चिकाटीचं. सुरुवात नुसत्या विस्कटलेल्या ठिपक्यांपासून करायची. नेटवर्कला विचारायचं: यातली मांडणी फोटोपासून किती दूर आहे आणि यातला तक्ता चित्रापासून किती दूर? ज्या दिशेने दोन्ही अंतरं कमी होतील, त्या दिशेने प्रत्येक ठिपका किंचित बदलायचा. पुन्हा विचारायचं, पुन्हा बदलायचं. शेकडो फेऱ्यांनंतर त्या गर्दीतून नदी वर येते, घरं उभी राहतात आणि छपरांवर आभाळ भोवरे घेऊ लागतं.

या विचाराची मुळं जुनी आहेत. बुडापेस्टमध्ये जन्मलेले बेला युलेस अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६० च्या दशकात विचारत होते, की दोन पोत माणसाच्या डोळ्याला एकसारखे कधी वाटतात. वाळूच्या दोन ढिगांत एकही कण जुळत नसतो, तरी दोन्ही वाळूच दिसतात; म्हणजे डोळा कणाकणाची जागा न बघता त्यांच्या एकत्र येण्याचा हिशेब बघत असावा. ट्युबिंगेनच्या तिघांनी २०१५ मध्येच आधी पोत निर्माण करण्याचं काम केलं होतं. शैली हा पोताचाच पुढचा मजला निघाला.

त्यानंतर घोडदौड सुरू झाली. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हीच करामत जवळपास हजारपट वेगाने करून दाखवली, पण त्यात प्रत्येक शैलीसाठी वेगळं नेटवर्क शिकवावं लागे. त्याच वर्षी प्रिझ्मा नावाच्या ॲपने ती गंमत लोकांच्या मोबाइलवर आणली. २०१७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले शुन हुआंग आणि सर्ज बेलाँगी यांनी अडीच लाखांचा तक्ताही बाजूला ठेवला. प्रत्येक शोधकाचे दोनच आकडे घ्या, ते म्हणाले: सरासरी किती जागा होतो आणि त्यात चढउतार किती होतो. ५१२ शोधकांचे १,०२४ आकडे. संदर्भचित्राचे हे आकडे फोटोच्या आकड्यांवर बसवले, की कुठलीही शैली कुठल्याही फोटोवर तत्काळ चढते. चित्रकाराने आयुष्यभर घोटलेल्या धाटणीची ओळख पटायला इतके थोडे आकडे पुरावेत, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

२०२२ पासून चित्र घडवण्याची रीत बदलली. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल निव्वळ गोंगाटातून, म्हणजे विस्कटलेल्या ठिपक्यांतून, पायरीपायरीने गोंगाट पुसत चित्र काढतात आणि कुठे काय उमटावं, हे त्यांना आपले शब्द सांगतात. पण 'गढूळ हिरव्या छटा, रेघ जरा थरथरती, कडा कोरड्या' असं कितीही लिहिलं, तरी मनातलं चित्र शब्दांत मावत नाही. म्हणून २०२३ मध्ये आलेल्या आयपी-अडॅप्टरने शब्दांच्या वाटेशेजारी चित्रासाठी दुसरी वाट काढली. संदर्भचित्र आधी क्लिप या मॉडेलमधून जातं. कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्या ओळी जोडीने पाहून शिकलेलं हे मॉडेल चित्राचा सारांश काढतं, आणि तो सारांश मूळ मॉडेलला अवघ्या चार शब्दांएवढ्या जागेत दिला जातो. मूळ मॉडेलला हात न लावता फक्त सव्वादोन कोटींच्या आसपास नवे आकडे शिकवून हे साधलं. त्याच वर्षी गुगलच्या संशोधकांनी स्टाइलअलाइन्डमध्ये निराळी युक्ती केली: एकत्र घडणाऱ्या चित्रांना घडता घडता एकमेकांकडे बघू द्यायचं. तिथे २०१७ ची सरासरी आणि चढउताराची कृती पुन्हा कामाला आली.

खरी अडचण एकच: आशयाची गळती. संदर्भ म्हणून 'स्टारी नाइट' द्यावं, मागावा बसथांबा, आणि बसथांब्यामागे कुणी न मागितलेलं सुरूचं झाड उगवावं. २०२४ मधल्या इन्स्टंटस्टाइल या कामात असं दिसलं, की मोठ्या मॉडेलच्या पोटात ठरावीक थर शैलीला आणि वेगळे थर मांडणीला जास्त प्रतिसाद देतात. संदर्भचित्र फक्त शैलीच्या थरात सोडलं, की गळती बरीच थांबते. मिडजर्नी या चित्र काढणाऱ्या एआयमध्ये तर शैलीचा जोर ० ते १,००० असा आकड्याने ठरवता येतो. काही सांगितलं नाही तर तो १०० धरतात.

आता कसोटी म्हणून वारली चित्र घेऊ. पालघर-डहाणूकडच्या लग्नघरात सवासिनी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहायच्या आणि जिव्या सोमा म्हसे यांनी पुढे जी कला कागदावर आणून जगभर नेली, ती. २०१५ च्या रीतीने गेरूवरचा पांढरा रंग आणि त्रिकोणांचे तुकडे उचलले जातील. पण तारप्याच्या नाचाचा तो गुंडाळत जाणारा फेर ही मांडणी आहे, आणि तक्त्याने मांडणीच तर टाकून दिलेली असते. नव्या मॉडेलपुढे उलटा पेच येतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूसही आहे आणि वारलीपणही आहे. ते ठेवले तर आशय गळतो, काढले तर शैली जाते. वारली चित्रकार मात्र याच त्रिकोणांत आज आगगाडीही काढतात, शाळाही काढतात, आणि चित्र वारलीच राहतं.

म्हणजे व्हॅन गॉगची शैली बरीचशी पोतात राहते, वारलीची आकारात आणि फेरात. यंत्र कुठे अडखळतं हे बघितलं, की त्या त्या परंपरेत शैलीचं घर कुठे आहे, हे कळू लागतं. याचा सरळ उपयोगही आहे. संदर्भ म्हणून एकच चित्र देऊ नका. एकाच हाताची, वेगवेगळ्या विषयांची तीन-चार चित्रं द्या: एकात माणसं, एकात झाड, एकात रिकामं अंगण. विषय बदलत जातो, त्यामुळे सगळ्यांत समान उरते ती शैलीच. आणि ती चित्रं निवडताना यात समान काय आहे, हे यंत्राच्या आधी तुम्हाला स्वतःला बघावं लागतं.